स्क्रीन लांबची, कॅमेरा आपला!

‘स्क्रीन दिसालीय काय?’ हा प्रश्न आजवर कितीदा विचारला असेल तुम्ही? मामाच्या दुकानातलं बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकलं की पहिला फोन भाच्याला. मैत्रिणीचा जावाचा एरर नेमका सबमिशनच्या आदल्या रात्री बाराला निघतो. मग तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर त्यांची स्क्रीन उघडता, माऊस ताब्यात घेता, चार ठिकाणी क्लिक करता आणि विषय संपतो. पंधरा दिवसांनी परत तोच फोन, तोच प्रॉब्लेम आणि वर एक प्रश्न, ‘मागच्या वेळी काय केलतंस रे?’ आता ते तुम्हालाही आठवत नसतं. त्या दहा मिनिटांचा व्हिडिओ असता तर मामानं तो बघून स्वतःच काम उरकलं असतं.

असा व्हिडिओ करून देणारी तयार सॉफ्टवेअर्स मिळतात. पण ते सॉफ्टवेअर तुम्हीच बनवलं तर? म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरची स्क्रीन आपल्याकडं दाखवणारा, तिथला माऊस आणि कीबोर्ड आपल्या हातात देणारा आणि घडलं ते सगळं व्हिडिओत साठवणारा एक छोटा रिमोट डेस्कटॉप क्लायंट. ऐकायला अवघड वाटतं. पण फायनल इयरच्या दोघातिघांना एका सेमिस्टरमध्ये झेपेल एवढंच हे काम आहे. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, अटेंडन्स सिस्टीम या तीन विषयांच्या पलीकडं काहीतरी शोधत असाल, तर पुढं वाचाच.

मी मास कॉमची विद्यार्थिनी, त्यामुळं कोडपेक्षा कॅमेऱ्याशी माझी दोस्ती जास्त. हा विषय मला आवडला त्याचं कारणही तेच. हे सॉफ्टवेअर म्हणजे दुसऱ्याच्या स्क्रीनवर लावलेला कॅमेराच आहे. आणि कॅमेरा स्वतः बनवायची गोष्ट निघाली की कोल्हापूरकरानं मागं बसून चालत नाही!

खरी कॉर्नरचा धडा

खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याचं स्मारक बघितलंय ना? परदेशी कॅमेरा आणणं सोपं नव्हतं, त्या काळात कोल्हापुरात कॅमेरा घडवला गेला. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या भावांनी ते काम हातात घेतलं. आनंदराव मध्येच गेले. मग विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा पहिला चित्रपट १९२० मध्ये आला.

यातून आपल्यासाठी घ्यायची गोष्ट साधी आहे. कॅमेरा विकत घेणाऱ्याला बटण कुठं आहे ते कळतं. कॅमेरा बनवणाऱ्याला फिल्म किती वेगानं सरकते, उजेड किती वेळ आत येतो, कुठं काय अडकतं हे सगळं कळतं. स्क्रीनच्या कॅमेऱ्याचंही अगदी तसंच आहे.

स्क्रीन येत नाही, चौकोन येतात

आधी मूळ कल्पना समजून घेऊ. त्यासाठी इंग्लंडमधल्या केंब्रिजला जावं लागेल.

१९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक गंमत झाली. कॉफीचं भांडं एकच आणि पिणारे वेगवेगळ्या मजल्यांवर. जिने उतरून जावं तर भांडं रिकामं. मग क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेत्स्की यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं छोटंसं काळं-पांढरं चित्र सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसायची सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं आणि ते भांडं जगभर गाजलं.

हेच स्टॅफर्ड-फ्रेझर पुढं केंब्रिजमधल्याच ऑलिव्हेटीच्या रिसर्च लॅबमध्ये होते. तिथं त्यांनी आणि ट्रिस्टन रिचर्डसन, केनेथ वुड, अँडी हॉपर या सहकाऱ्यांनी व्हीएनसी, म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग, उभं केलं. १९९८ मध्ये ते ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना खुलं झालं. पुढं ती लॅब एटी अँड टीकडं गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. पण व्हीएनसी टिकलं, कारण त्याचा कोडही खुला होता आणि नियमही. या नियमांचं नाव आरएफबी, म्हणजे रिमोट फ्रेमबफर. २०११ मध्ये ते आरएफसी ६१४३ या क्रमांकानं नीट लिहून प्रसिद्ध झाले. नेटवर फुकट मिळतात. आपल्या प्रोजेक्टचं पाठ्यपुस्तक हेच.

आता फ्रेमबफर म्हणजे काय? कॉम्प्युटरच्या मेमरीतला असा तुकडा, ज्यात स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिलेला असतो. व्हीएनसीची आयडिया अशी, की लांबच्या कॉम्प्युटरकडं असलेल्या या तुकड्याची एक नक्कल आपल्याकडं ठेवायची. पण अख्खी स्क्रीन परत परत पाठवायची नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच चौकोन पाठवायचा. मामानं एक आकडा टाईप केला, तर त्या आकड्याभोवतीचा चौकोन येतो. मामा चहा पीत बसला, तर काहीच येत नाही.

अजून एक भारी गोष्ट म्हणजे इथं मागितल्याशिवाय काही मिळत नाही. क्लायंट विचारतो, ‘काय बदललंय?’ मग सर्व्हर उत्तर देतो. तुमचं नेट स्लो असेल तर तुम्ही उशिरा विचारता आणि मधले बदल एकत्र होऊन येतात. म्हणूनच गावाकडच्या रडत चालणाऱ्या नेटवरही हे चालून जातं.

पहिला टप्पा : चित्र दिसू दे

सुरुवात घरच्या घरी करा. एका कॉम्प्युटरवर टायगर-व्हीएनसी किंवा टाइट-व्हीएनसीचा सर्व्हर चालू करा आणि दुसऱ्यावर तुमचा कोड. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर व्हर्च्युअल मशीन चालेल. भाषा कुठलीही घ्या. पायथन येत असेल तर पायथन, सी येत असेल तर उत्तमच.

जोडणी झाल्याबरोबर सर्व्हर १२ बाइट पाठवतो. त्यात लिहिलेलं असतं, आरएफबी आणि पुढं व्हर्जनचा आकडा, उदाहरणार्थ ००३.००८. तुम्ही तसेच १२ बाइट परत पाठवायचे. मग पासवर्डची पद्धत ठरते. मग सर्व्हर सांगतो, स्क्रीन एवढी रुंद, एवढी उंच, रंग अशा क्रमानं लिहिलेत आणि माझं नाव हे. झाली ओळख. लग्नाच्या बैठकीपेक्षा लवकर आटपतं!

आता पहिल्यांदा पूर्ण स्क्रीन मागा आणि नंतर फक्त बदल मागत राहा. चौकोन कुठल्या पद्धतीनं बांधून पाठवायचा याचे बरेच प्रकार आहेत. सुरुवातीला दोनच पुरेत. पहिला ‘रॉ’, म्हणजे ठिपके जसेच्या तसे. दुसरा ‘कॉपीरेक्ट’. एखादी विंडो इकडून तिकडं सरकवली, तर सर्व्हर ती परत पाठवत नाही. तो म्हणतो, ‘हे तुझ्याकडं आहेच, तिथून उचल आणि इथं ठेव.’ हे दोन चालले की पुढचे दाबून पाठवायचे प्रकार एकेक जोडता येतात. सगळं स्वतः लिहायचं नसेल तर लिब-व्हीएनसी-क्लायंट नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे. पण निदान एकदा तरी हे बाइट स्वतः वाचा. स्वतःच्या कोडमधून लांबची स्क्रीन पहिल्यांदा उमटते ना, तेव्हा खरंच नाद खुळा वाटतं.

पहिल्यांदा सगळं निळं दिसलं तर घाबरू नका. लाल आणि निळ्याचा क्रम उलटा झालाय, एवढंच.

मराठी टाईप करायचंय? आरएफबीमध्ये प्रत्येक कीला एक क्रमांक असतो. मराठी अक्षरासाठी त्याच्या युनिकोड क्रमांकात ठरलेली एक मोठी संख्या मिळवतात. ‘क’ चा युनिकोड क्रमांक षोडशमान पद्धतीत ०९१५, म्हणून की जाते ०१०००९१५. ‘कि’ पाठवायचं असेल तर आधी ‘क’, मग वेलांटी, अशा दोन की. पलीकडच्या सर्व्हरला हे कळतं का ते तपासून बघा. तयार सॉफ्टवेअर वापरताना असले प्रश्न आपल्याला पडतसुद्धा नाहीत.

आता कॅमेरा लावू

चित्र दिसतंय, माऊस फिरतोय. आता रेकॉर्डिंग. इथं आधी थोडं गणित करू.

स्क्रीन १९२० बाय १०८० ठिपक्यांची धरा. एका ठिपक्याला ४ बाइट. म्हणजे एका चित्राला ८२,९४,४०० बाइट. सेकंदाला २५ चित्रं घेतली तर वीस कोटी बाइटच्या वर. एका तासाच्या प्रॅक्टिकलला साडेसातशे जीबीच्या आसपास! हार्डडिस्क पहिल्याच दिवशी हात जोडेल.

म्हणून चित्रं थेट साठवायची नाहीत. ती एफएफएमपेग या ओपन सोर्स प्रोग्रामकडं ओतायची. तो ती एच.२६४ सारख्या पद्धतीनं दाबून व्हिडिओ बनवतो. स्क्रीनवर बराच वेळ काहीच हलत नसतं, त्यामुळं आधीच्या चित्रासारखंच असलेलं पुढचं चित्र जवळपास फुकटात मावतं. इथपर्यंतचा कोड फार मोठा नाही. खरी मजा पुढं आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. चौकोन येईल तसं एकेक चित्र व्हिडिओत टाकत गेलात, तर काय होईल? मामा अर्धा मिनिट एरर वाचत बसला होता, तेव्हा एकही चौकोन आला नाही, म्हणून ते अर्धं मिनिट व्हिडिओतून गायब. आणि त्यानं दोन सेकंद पान खालीवर केलं, तेव्हा भराभर चौकोन आले, म्हणून ते दोन सेकंद लांबतच गेले. असा व्हिडिओ बघून कुणाला काही कळणार नाही. उपाय असा, की येणाऱ्या चौकोनांचं काम वेगळं आणि व्हिडिओच्या घड्याळाचं काम वेगळं ठेवायचं. समजा सेकंदाला १० ठोके ठरवले, तर प्रत्येक ठोक्याला फ्रेमबफरमध्ये जे असेल ते घ्यायचं, बदललेलं असो वा नसो. आणि घड्याळ भिंतीवरचं नको. नेटवरून वेळ दुरुस्त झाली की ते मध्येच मागंपुढं होतं. कायम पुढंच जाणारं घड्याळ प्रत्येक भाषेत मिळतं, ते घ्या.

दुसरा प्रश्न अर्धवट चित्राचा. एका उत्तरात पाच चौकोन असतील आणि तिसऱ्यालाच तुम्ही फोटो काढलात, तर वर नवी विंडो, खाली जुनी. पूर्ण उत्तर आल्यावरच चित्राची नक्कल काढा.

तिसरा प्रश्न माऊसच्या बाणाचा. बऱ्याचदा हा बाण लांबच्या चित्रात नसतोच. हलवताना अडखळू नये म्हणून सर्व्हर फक्त बाणाचा आकार देतो आणि तो काढायचं काम क्लायंट करतो. नुसता फ्रेमबफर रेकॉर्ड केलात, तर व्हिडिओत बटणं भुताटकीसारखी आपोआप दाबली जातात! बाण तुम्हालाच व्हिडिओत काढावा लागतो.

चौथा प्रश्न लाल अक्षरांचा. व्हिडिओच्या नेहमीच्या पद्धतीत उजेड प्रत्येक ठिपक्याचा साठवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकदाच. सिनेमात ते कळत नाही. काळ्या टर्मिनलवर बारीक लाल अक्षरांत एरर आला, की अक्षरं पसरतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठेवायची सोय एफएफएमपेगमध्ये आहे, पण असा व्हिडिओ बऱ्याच मोबाइलवर चालत नाही. काय निवडायचं ते तुम्ही ठरवा आणि का ठरवलं ते रिपोर्टमध्ये लिहा. मार्क तिथंच असतात.

पाचवा, वेगाचा. व्हिडिओ दाबायला वेळ लागतो. तेच काम करताना चौकोन वाचायचे थांबले, तर समोरची स्क्रीन अडकते. म्हणून दोन वेगळे थ्रेड आणि मध्ये एक रांग. रांग फारच वाढली तर रेकॉर्डिंगची दोन चित्रं सोडा. पण जो माणूस काम करतोय त्याचा माऊस अडकवू नका.

लाइट गेली तर?

हा प्रश्न आपल्याकडं वळवाच्या पावसात हमखास येतो. नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठं आहे याची यादी शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग चालू असताना लॅबची लाइट गेली, तर यादी लिहायचीच राहते आणि पाऊण तासाची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही फाइलमध्ये तेवढं नुकसान होत नाही. लाइट जाईपर्यंतचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. म्हणून रेकॉर्ड एमकेव्हीत करा आणि नंतर एमपी४ करून घ्या. त्यासाठी व्हिडिओ परत दाबावा लागत नाही, फक्त डबा बदलतो.

आणखी एक रस्ता आहे. व्हिडिओ बनवायचाच नाही. आलेले चौकोन वेळ लिहून तसेच साठवायचे आणि लागेल तेव्हा त्यांचा व्हिडिओ करायचा. अपाची ग्वाकामोली हा ओपन सोर्स प्रकल्प असंच करतो. सेशन चालू असताना तो येणारे-जाणारे आदेश लिहून ठेवतो आणि नंतर वेगळ्या प्रोग्रामनं त्यांचा व्हिडिओ बनवतो. कामाच्या वेळी कॉम्प्युटरवर ताण कमी. पण ती फाइल मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून उपयोग नाही. दोन्ही पद्धती करून तुलना मांडलीत, तर प्रोजेक्टला वजन येतं.

पवईचं उदाहरण

रेकॉर्ड झालेली स्क्रीन किती कामाची असते ते बघायचं तर आपल्याच राज्यात मोठं उदाहरण आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. कल्पना सरळ आहे. एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते स्क्रीन रेकॉर्ड करून दाखवायचं, साधारण दहा मिनिटांत. शिकणाऱ्यानं एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचं. थोडं बघायचं, थांबवायचं, स्वतः करायचं. चित्र तेच ठेवून आवाज वेगवेगळ्या भारतीय भाषांत दिला जातो. त्यात मराठीही आहे.

यातून आपल्या सॉफ्टवेअरसाठी दोन गोष्टी उचला. एक, आवाज चित्रापासून वेगळा ठेवा. म्हणजे रेकॉर्डिंग एकदाच होईल आणि मराठी समजावणी नंतर शांतपणे जोडता येईल. दोन, चालू रेकॉर्डिंगमध्ये खूण ठेवायची एक की द्या. ‘इथं प्रिंटरचं सेटिंग बदललं’ अशी खूण असेल तर मामा बरोबर तिथं पोचेल. तासाभराचा सलग व्हिडिओ कुणी बघत नाही हो.

लाल दिवा कोण लावणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथं कोड कमी आहे आणि विचार जास्त.

आरएफसी ६१४३ उघडा आणि क्लायंटनं सर्व्हरला पाठवायचे मूळ संदेश मोजा. सहा आहेत. रंगांची मांडणी सांगणं, चालतील ते प्रकार सांगणं, चित्र मागणं, की दाबणं, माऊस हलवणं आणि कॉपी केलेला मजकूर देणं. संपलं. ‘मी रेकॉर्ड करतोय’ असा संदेशच नाही. म्हणजे तुम्ही बनवलेला क्लायंट चोरून सगळं साठवत असेल, तर पलीकडच्या माणसाला ते कळायचा मार्गच नाही.

बाबूरावांचा कॅमेरा तिपाईवर उभा असायचा. त्याच्यासमोर येणाऱ्याला तो दिसायचा. तुमचा कॅमेरा कुणालाच दिसत नाही. आम्हाला मास कॉममध्ये शिकवतात, की कॅमेरा सुरू करण्याआधी समोरच्याला विचारायचं. आरएफबीच्या नियमांत हे विचारणं नाही, त्यामुळं ते तुम्हालाच लिहावं लागेल.

मामाच्या स्क्रीनवर काय काय असतं आठवा. बिलिंगच्या मागं उघडं राहिलेलं बँकेचं पान. कोपऱ्यात उगवणारा मामीचा मेसेज. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, उधारी. त्यानं तुम्हाला प्रिंटर दुरुस्त करायला बोलावलं होतं, हे सगळं साठवायला नव्हे. आणि मैत्रिणीची स्क्रीन असेल, तर गोष्ट आणखी नाजूक.

घाबरायचं कारणही खरं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं होतं. भामटे फोन करून लोकांना एनीडेस्क हे अ‍ॅप घ्यायला लावत, त्यावर येणारा नऊ आकडी कोड विचारून घेत आणि मग त्यांच्या मोबाइलवरून पैसे काढत. अ‍ॅप स्वतः गुन्हेगार नव्हतं. कामाचं हत्यार चुकीच्या हातात गेलं होतं. आपलं हत्यारही त्याच जातीचं आहे, हे विसरायचं नाही. घरात कुणासोबत असं घडलंच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मग काय करायचं? लांबच्या कॉम्प्युटरवर चालणारा एक छोटासा जोडीदार प्रोग्राम लिहा. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की तिकडं मराठीत विचारणा येईल, ‘या कामाचा व्हिडिओ करायचा आहे. चालेल का?’ ‘हो’ आलं तरच रेकॉर्डिंग सुरू. ‘नाही’ आलं तर काम चालू, पण रेकॉर्डिंग बंद. रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत तिकडच्या स्क्रीनवर वर लाल पट्टी. यात एक छान गोष्ट आपोआप होते. पट्टी त्यांच्या स्क्रीनवर असल्यामुळं तीही व्हिडिओत येते. म्हणजे परवानगी घेतल्याचा पुरावा प्रत्येक चित्रात!

त्यासोबत ‘थांबव’चं बटण दोन्हीकडं द्या. पासवर्ड टाकायच्या वेळी मामानं ते दाबावं. व्हिडिओची एक प्रत त्यालाही मिळावी आणि किती दिवसांनी तो पुसला जाईल हे आधीच ठरलेलं असावं. आणखी एक. व्हीएनसीचा जुना पासवर्ड आठच अक्षरांचा चालतो आणि मूळ आरएफबीमध्ये चित्र आणि की उघड्यावरून जातात. त्यामुळं इंटरनेटवरून जोडताना एसएसएचच्या बोगद्यातूनच जा. सर्व्हर तसाच उघडा टाकू नका.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा आला आणि त्यात माणसाच्या संमतीला मध्यवर्ती जागा मिळाली. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एवढं कशाला, असं वाटेल. पण उद्या पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये नोकरीला लागलात, की तुमची स्क्रीन रेकॉर्ड होऊ शकते. बँका आणि डेटा सेंटर्स महत्त्वाच्या सर्व्हरवर कुणी काय केलं याचं रेकॉर्डिंग ठेवतात आणि त्याला कारणंही आहेत. तेव्हा लाल पट्टी दिसावी, असं तुम्हालाच वाटेल. मग आज दुसऱ्यासाठी ती लिहायला काय हरकत आहे?

व्हायवाच्या टेबलावर

शेवटचं, थोडं स्पष्ट बोलते. पैसे टाकले की कोड, रिपोर्ट, पीपीटी असा तयार प्रोजेक्ट मिळतो हे आपल्या सगळ्यांना माहितीय. ‘भावा, पास होण्याशी मतलब’ असंही ऐकायला मिळतं. पण तयार प्रोजेक्ट घेतलेल्याला बाहेरच्या परीक्षकांनी ‘हा बाण व्हिडिओत का दिसत नाही?’ विचारलं, की तो भिंतीकडं बघतो. बनवणाऱ्याकडं त्या एका प्रश्नावर दहा मिनिटं बोलण्याइतका मालमसाला असतो.

कामाची वाटणी अशी करता येईल. पहिल्या महिन्यात जोडणी, रॉ आणि कॉपीरेक्ट. दुसऱ्यात माऊस, कीबोर्ड आणि मराठी अक्षरं. तिसऱ्यात व्हिडिओ, घड्याळ आणि एमकेव्ही. चौथ्यात लाल पट्टी, ‘थांबव’चं बटण आणि चाचण्या. चाचण्या म्हणजे खऱ्या चाचण्या. स्क्रीनवर सेकंद दाखवणारं घड्याळ लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि व्हिडिओतलं घड्याळ दहाच मिनिटं चालतं का बघा. मध्येच वायर उपटा आणि फाइल उघडते का बघा. ‘नाही’ दाबल्यावर डिस्कवर एकही चित्र पडत नाही ना, तेही बघा.

परीक्षकांसमोर ही तिसरी चाचणी आवर्जून करून दाखवा. पलीकडच्या लॅपटॉपवर त्यांनाच बसवा, विचारणा त्यांच्याच स्क्रीनवर येऊ दे आणि त्यांना ‘नाही’ दाबू दे. मग फोल्डर उघडून दाखवा. तो रिकामा असेल.